दहा, बारा, चौदा: पान्यावरच्या नंबरांची गोष्ट आणि तुमचा पहिला टूल सेट

एसटीत बसलं की रेंज जाते, किंवा कानात हेडफोन घालून बसणं घरच्यांना आवडत नाही, अशा सगळ्यांसाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलतानाचं 'बरं का' आणि 'म्हणजे बघा' बरंचसं तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न एकदम रोजच्या वापरातला आहे. माढा, कुर्डुवाडी, मोडनिंब, टेंभुर्णी या पट्ट्यातल्या एखाद्या पोराने पहिली सेकंडहँड गाडी घेतली. वॅगनआर असेल, आय-टेन असेल, इंडिका असेल. आता बॅटरीची क्लिप सैल झाली, एअर फिल्टर बदलायचा आहे, स्टेपनी लावायची आहे, एवढी बारीक कामं तरी स्वतः करावीत असं त्याला वाटतं. मग तो मोबाइलवर शोधतो आणि समोर येते १०८ तुकड्यांची चकचकीत पेटी. घ्यायची का?

माझं मत आधीच सांगून टाकतो: घेऊ नका. त्यातले निम्म्याहून जास्त तुकडे आयुष्यात एकदाही हातात येणार नाहीत, आणि जे दहा-बारा रोज लागतील ते बहुतेक वेळा त्या पेटीत सगळ्यात हलके असतात. पण 'घेऊ नका' एवढंच सांगून पळून जाणं बरोबर नाही. कोणता पाना का लागतो हे कळायचं असेल, तर पान्यावर कोरलेला आकडा कुठून आला ते बघावं लागतं. आणि ती गोष्ट सुरू करायला आपल्याला लंडनला जायची गरज नाही, कुर्डुवाडीपर्यंत गेलं तरी पुरतं.

माढ्यातल्या मंडळींना हे ठाऊकच आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. मुंबईकडून सोलापूरला जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ १८६० मध्ये या भागातून पुढे गेला. त्या रुळावर आज जे कुर्डुवाडी जंक्शन आहे, त्याचं तेव्हाचं नाव होतं 'बार्शी रोड'. म्हणजे बार्शीला जायचं तर इथे उतरा आणि पुढे बैलगाडी बघा. बार्शी ही कापसाची, धान्याची मोठी पेठ, आणि रेल्वे तिला हुकवून निघून गेली होती. ही कसर भरून काढली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने. १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही अडीच फुटी रुळाची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. वारीला जाणाऱ्या कितीतरी पिढ्यांनी हिचा प्रवास केलाय.

कॅलथ्रॉपचं डोकं कशात होतं, तर एकसारखेपणात. त्याचं म्हणणं असं, की इंजिन असो वा वॅगन, कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये, आणि सगळ्या गाड्यांना तोच नियम. भार सारखा वाटला की हलका रूळ पुरतो, आणि हलका रूळ म्हणजे खर्च कमी. त्याने आपल्या गाड्या इंग्लंडमध्ये लीड्सजवळ मुद्दाम रूळ टाकून लोकांना चालवून दाखवल्या आणि मग त्या इकडे आल्या. (हाच माणूस पुढे विमानातून उडी मारायची पॅराशूट बनवायला लागला, पण तो वेगळाच भाग होईल.)

आता रेल्वे आली की दुरुस्ती आली, आणि दुरुस्ती आली की पाने आले. कुर्डुवाडीत या छोट्या रेल्वेचं वर्कशॉप उभं राहिलं. इंजिनं खोलायची, वॅगनची चाकं काढायची, पुन्हा जोडायची. १९५४ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सरकारने ताब्यात घेतली, पुढे अडीच फुटी रूळ जाऊन ब्रॉडगेज आलं, तरी कुर्डुवाडी म्हटलं की या भागात आजही आधी वर्कशॉप आठवतं.

त्या काळच्या ब्रिटिश यंत्राचे नट-बोल्ट म्हणजे व्हिटवर्थचे. हे नाव लक्षात ठेवा. जोसेफ व्हिटवर्थ. त्याच्याआधी प्रत्येक कारखान्याचे बोल्ट वेगळे असायचे. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसायचाच नाही, आणि नट हरवला तर नवीन बनवूनच घ्यावा लागायचा. व्हिटवर्थने इंग्लंडभरच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, मोजले, आणि १८४१ मध्ये एक सामाईक माप मांडलं. अमुक जाडीच्या बोल्टला इंचात इतके आटे, आणि आट्याचा कोन ५५ अंश. जगातली ही पहिली मोठी आट्यांची शिस्त. मला विचाराल तर वाफेच्या इंजिनाइतकीच मोठी गोष्ट आहे ही, फक्त तिचे पुतळे कुणी उभारले नाहीत.

पण व्हिटवर्थच्या पान्यात एक गंमत आहे, आणि ती आजही लोकांना फसवते. पान्यावर जर १/२ डब्ल्यू कोरलेलं असेल, तर पान्याचं तोंड अर्ध्या इंचाचं नसतं! तो आकडा बोल्टच्या दांड्याच्या जाडीचा असतो. दांडा अर्धा इंच, त्याचं डोकं अर्थातच मोठं, म्हणून पान्याचं तोंड असतं २३ मिलिमीटरच्याही पुढे. म्हणजे जुन्या पद्धतीत पान्यावर बोल्टचं नाव लिहायचे, पान्याचं माप नाही.

अमेरिकेने आपला वेगळा घरोबा केला. १८६४ मध्ये विल्यम सेलर्सने ६० अंशाचा आटा सुचवला आणि तिकडे तो रुजला. युरोपात मिलिमीटरचे आटे आले, १८९८ मध्ये झ्युरिकला परिषद भरवून ते ठरवले गेले. म्हणजे विसावं शतक सुरू होताना तीन घरं झाली: ब्रिटिश इंच, अमेरिकन इंच आणि मेट्रिक. दोन बोल्ट दिसायला सारखे, पण एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेरे जातो आणि अडकतो. तिथे जोर लावला की आटे गेले म्हणून समजा.

आणि या भांडणातला सगळ्यात भन्नाट प्रकार मॉरिस कंपनीचा. पहिल्या महायुद्धाच्या वेळी हॉचकिस नावाची फ्रेंच कंपनी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला आली होती. तिची सगळी यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी. १९२३ मध्ये मॉरिसने तो कारखानाच विकत घेतला. आता यंत्रं बदलायची तर खर्च फार, आणि गिऱ्हाइकाकडे पाने तर व्हिटवर्थचे. मग त्यांनी काय केलं? आटे ठेवले मेट्रिक आणि बोल्टचं डोकं केलं व्हिटवर्थच्या मापाचं. पाना बसतो छान, पण बाजारातून आणलेला बोल्ट आत जात नाही. त्या इंजिनांवर काम करणारे लोक या आट्यांना आजही शिव्या घालतात.

दुसऱ्या महायुद्धात हे दुखणं जिवावर आलं. अमेरिकन आणि ब्रिटिश सैन्य एकाच आघाडीवर, पण एकाचे सुटे भाग दुसऱ्याच्या गाडीला बसेनात. शेवटी १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून एक सामाईक इंची आटा ठरवला. या पद्धतीत मात्र पान्यावर थेट तोंडाचं माप लिहायचं. म्हणजे अर्ध्या इंचाच्या पान्याचं तोंड खरंच अर्ध्या इंचाचं.

हे सगळं आपल्या अंगणात कसं आलं बघा. इथे पुन्हा एकदा बार्शी लाइट रेल्वे येते. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूरचा. घरचा व्यापार सोडून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी फाटक नावाच्या भागीदाराबरोबर रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कामांत होतं याच बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी-तडवळे भागाचं काम. त्या छोट्या रुळाची माती टाकणारा माणूस पुढे जहाजं, विमानं आणि मोटारी यांच्या मागे लागला. मोटारीचा कारखाना काढायला ब्रिटिश सरकारची साथ नव्हती, तरी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स उभी राहिली आणि कुर्ल्यात गाड्या तयार व्हायला लागल्या. आधी क्रायस्लरच्या अमेरिकन गाड्या, त्यांचे बोल्ट इंची. मग फिएट, तिचे बोल्ट मेट्रिक. एकाच कंपनीने दहा वर्षांच्या आत गॅरेजवाल्याला दोन पेट्या घ्यायला लावल्या! त्यातली फिएट ११०० पुढे १९७० च्या दशकात 'प्रीमिअर पद्मिनी' झाली, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली.

दुसरीकडे महिंद्राने १९४७ पासून विलीज जीप जोडायला घेतली. ती अमेरिकन, म्हणजे इंची. हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बेसेडर १९५७-५८ ची, मूळची ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणजे तीही इंची. आणि आता तारखा बघा: १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे आणे-पै जाऊन नवे पैसे आले, ऑक्टोबर १९५८ पासून किलो-मीटर लागू व्हायला लागले. सगळा देश दशमान व्हायला निघाला असताना देशाची सगळ्यात मानाची गाडी इंचात आली, आणि २०१४ पर्यंत बनत राहिली. जुन्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरचं तेच. म्हणून सोलापूर जिल्ह्यातल्या जुन्या उस्तादाच्या पेटीत तुम्हाला दोन्ही प्रकारचे पाने दिसतील आणि पोराला 'अर्धा दे' म्हटलं की काय द्यायचं हे त्याला बरोबर कळतं.

तुम्ही म्हणाल, इंच-मिलिमीटरने एवढा काय फरक पडतो? हिशेब करून बघू. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्याला १३ चा पाना बसतो, पण ०.३ मिलिमीटर सैल. सैल बोल्टला चालून जाईल, पण गंजलेल्या बोल्टला जोर लावला की पाना सटकतो, कोपरे झिजतात आणि नट गोल होतो. नट गोल झाला की दोन मिनिटांचं काम दिवसावर जातं, आणि पाना सटकून हात पत्र्यावर आपटतो ते वेगळंच. काही मापं योगायोगाने जुळतात, पाऊण इंचाला १९ चा जवळजवळ बरोबर बसतो. ७/१६ ला ११ चा मात्र जातच नाही, ०.१ मिलिमीटरने अडतो. हा ०.१ म्हणजे एका कागदाच्या जाडीएवढा.

मग डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि निकाल लागला. ती सुझुकीची, म्हणजे मेट्रिक, पण मेट्रिकमध्येही जपानी वळणाची. युरोपात ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचं डोकं १३ चं असतं. जपानी मोटारवाल्यांनी तेच डोकं १२ चं केलं, आणि १० मिलिमीटरच्या बोल्टचं १४ चं. डोकं लहान म्हणजे लोखंड कमी, वजन कमी, आणि अडचणीच्या जागी पाना फिरायला थोडी जास्त जागा. म्हणून जपानी आणि कोरियन गाडीत १०, १२, १४, १७ हे चार आकडे पुन्हा पुन्हा येतात. स्कोडा, फोक्सवॅगन अशा युरोपीय गाडीत १०, १३, १६, १८ आणि शिवाय चांदणीसारख्या तोंडाचे टॉर्क्स स्क्रू. टाटा-महिंद्राच्या गाड्यांत १० आणि १३ बऱ्यापैकी भेटतो.

आता कळलं का, मी १०८ तुकड्यांना नाही का म्हणालो? तुमची गाडी कोणत्या घराण्याची आहे ते आधी ठरवा. आल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, आय-टेनवाल्याने १३, १५, १६, १८ च्या गोट्यांसाठी पैसे घालवायचं काही कारण नाही. आणि पेटीत इंची गोट्यांचा वेगळा संच असेल, तर तो तुमच्याकडे घरात गंजण्यासाठीच येतोय.

चला, आता पेटी भरू.

सगळ्यात आधी पाने. दुकानात 'डबल पाना सेट' मागितला की ६-७ पासून २०-२२ पर्यंत आठ पान्यांचा संच पुढे येतो, दोन्ही टोकांना उघडी तोंडं. हा आपल्याकडचा वर्षानुवर्षांचा संच. पण मी सुरुवात त्याने करणार नाही. उघड्या तोंडाचा पाना नटाच्या दोनच बाजू धरतो. रिंग पाना सगळीकडून धरतो, त्यामुळे नट गोल व्हायची शक्यता खूप कमी. म्हणून एका टोकाला रिंग आणि दुसऱ्याला उघडं तोंड असलेले कॉम्बिनेशन पाने घ्या: ८, १०, १२, १३, १४, १७, १९. बास, सात. दहाचे दोन घ्या. एक हरवणारच आहे. बॅटरीच्या क्लिपला दहा, फिल्टरच्या पेटीला दहा, बंपरच्या आत दहा, त्यामुळे तोच सारखा बाहेर निघतो आणि इंजिनाच्या बोळात पडून गायब होतो.

मग गोटी पाना. याची कल्पना शंभर वर्षं जुनी आहे. तेव्हाचा सॉकेट आणि त्याचा दांडा एकत्रच ओतलेले असायचे, म्हणजे दहा मापं तर दहा दांडे. १९२० मध्ये अमेरिकेत जोसेफ जॉन्सन आणि त्याच्या जोडीदाराने दांडा वेगळा, गोटी वेगळी असं केलं. पाच दांडे आणि दहा गोट्या, त्यातून पन्नास जोड्या होतात. स्नॅप-ऑन कंपनी यातूनच उभी राहिली. आणि गंमत अशी, की आज गोटीचं तोंड मिलिमीटरमध्ये असलं तरी दांड्याचा चौकोन सगळ्या जगात अजून इंचातच आहे: पाव, ३/८ आणि अर्धा. जपानमध्येसुद्धा! सुरुवातीला अर्ध्या इंचाचा रॅचेट, एक एक्स्टेन्शन, आणि १०, १२, १४, १७, १९, २१ च्या गोट्या पुरतात. गोटी आतून सहा कोनी घ्या, बारा कोनी नको. जुन्या गंजलेल्या बोल्टला सहा कोनी जास्त इमानदार.

पकड एक, मोठा-छोटा स्क्रू ड्रायव्हर चपटा आणि फुलीचा, एलन कीचा संच, टायरचा हवेचा गेज, आणि बारा व्होल्टचा टेस्टर. ब्रँडवरून भांडणं होतात, मी त्यात पडत नाही. एवढंच सांगतो की पाने, पकडी बनवणारी टपारियासारखी कंपनी आपल्या नाशिकच्या सातपूरमध्ये आहे, आणि तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात सुटा एक पाना हातात घेऊन, तोंड बघून, वजन बघून घेता येतो. ऑनलाइन पेटीत तेच होत नाही. पान्यावर क्रोम व्हॅनेडियम लिहिलंय का बघा, आणि लिहिलेलं असलं तरी तोंडाची धार सरळ आहे का तेही बघा. लिहायला काय जातंय.

स्क्रू पाना घ्यायचा का, हा प्रश्न नेहमी येतो. तो स्वीडनच्या योहान्सनचा, १८९२ च्या पेटंटचा. नळ, पंप, मोटर, शेतावरची शंभर कामं यासाठी त्याला तोड नाही. गाडीसाठी नको. त्याचं तोंड थोडं तरी हलतंच, आणि वर काढलेला ०.३ मिलिमीटरचा हिशेब आठवा.

आता चाकाकडे येऊ, कारण खरी अडचण तिथेच होते. पुणे-सोलापूर हायवेवर टेंभुर्णीच्या अलीकडे रात्री टायर बसला. डिकीतला घडीचा आखूड पाना काढला. टायरच्या दुकानात हवेच्या गनने नट असे आवळलेले, की पाना वाकेल पण नट हलणार नाही. म्हणून लांब दांड्याचा व्हील पाना घ्या, पण त्याआधी घरच्या अंगणात बसून आपल्या गाडीचे नट १७ चे, १९ चे की २१ चे आहेत ते लावून बघा.

उलट बाजूची चूकही तेवढीच वाईट. नट घट्ट करताना पान्यावर उभं राहणारे लोक आहेत. हिशेब सोपा आहे. हाताने २० सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर ५० किलोचा जोर दिला तर साधारण १०० न्यूटन-मीटर होतात. छोट्या गाड्यांच्या चाकाच्या नटांना साधारण तेवढंच लागतं, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये असतो. आता ७० किलोचा माणूस ३० सेंटिमीटरच्या पान्यावर उभा राहिला, की झाले दोनशे. दुप्पट. स्टड ताणला जातो, आटे जातात, आणि पुढच्या वेळी रस्त्यात तो नट सुटत नाही किंवा स्टडच तुटतो. ऑइल बदलताना खालचा बोल्ट तर आणखी नाजूक, कारण बऱ्याच गाड्यांत तो ॲल्युमिनियममध्ये बसतो. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत नाही, पण त्यानंतर पैसे साठवून एक टॉर्क रेंच घ्या. पेटीतली सगळ्यात महाग वस्तू तीच असू दे.

बॅटरीचं एकच लक्षात ठेवा: काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. पाना पॉझिटिव्हवर असताना पत्र्याला लागला आणि निगेटिव्ह जोडलेलीच असेल, तर पाना वेल्डिंगसारखा ठिणग्या उडवतो.

आणि जॅक. गाडीसोबत येणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, म्हणजे नाहीच. विटा, सिमेंटचे ब्लॉक, दगड यांच्यावरही नाही. ब्लॉक बाहेरून धड दिसतो आणि दाब एका कोपऱ्यावर आला की क्षणात फुटतो, आवाजसुद्धा करत नाही. खाली शिरायचंच असेल तर दोन जॅक स्टँड, कठीण सपाट जमीन, हँडब्रेक ओढलेला, उलट बाजूच्या चाकांना लाकडी ठोकळे, आणि घरात कुणाला तरी सांगून. ते नसेल तर खालची कामं उस्तादाकडे द्या, त्यात काही कमीपणा नाही. वरून होणारी कामं भरपूर आहेत.

राहता राहिली जुन्या पान्यांची गोष्ट. भंगारवाल्याकडे कधी गेलात तर लोखंडाच्या ढिगात जाडजूड, काळा पडलेला पाना शोधा. घासून बघा. १/२ डब्ल्यू असं काही कोरलेलं दिसलं, तर तो व्हिटवर्थच्या घराण्यातला. तुमच्या गाडीला त्याचा काडीचा उपयोग नाही. मी असे तीन आणून ठेवलेत.